मागच्या फळीचा मार्च

मार्च महिन्याशी माझं वैर आहे. इतरांना तो पळसाचा, मोहोराचा वाटत असेल. मला तो बाकांचा वाटतो. मी ज्या कॉलेजात हेडक्लार्क आहे तिथं परीक्षा जवळ आल्या की गोदामातले बाक तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवले जातात. त्यांचे लोखंडी पाय जिन्याच्या पायरीपायरीवर आपटतात आणि तो आवाज ऑफिसात दिवसभर येत राहतो. त्याच सुमाराला आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ हरायला लागतो. दरवर्षी. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ज्या पोरांच्या डोक्यावरून पाखरू जात नाही, त्याच पोरांच्या डोक्यावरून मार्चमध्ये चेंडू खुशाल जातो.

गडहिंग्लज हे फुटबॉलचं गाव. मैदानाच्या कडेला उभं राहून बोलण्याचा हक्क इथं माणसाला जन्मतःच मिळतो. परवाच्या सामन्यात दुसऱ्या सत्रात दोन उंच पास आले, दोन्ही मागच्या पोरांच्या डोक्यावरून गेले, दोन्हींवर गोल झाले. माझ्या शेजारी उसाचा रस पीत उभे असलेले दोघे सुरू झाले.

"झोपल्यात की मागची पोरं."

"झोपली न्हाईत. माजल्यात. चार मॅची जिंकल्या की हवा जाते डोस्क्यात."

"उडी मारायला काय परवानगी लागतीया व्हय?"

"दमच न्हाई ओ आताच्या पोरांत. आमच्या टायमाला असं नव्हतं."

त्यांच्या टायमाला ते काय करत होते ते मला माहीत आहे. एक राखीव खेळाडूंच्या चपला सांभाळायचा आणि दुसरा त्याच्याशी गप्पा मारायचा. मानेपासून कानापर्यंत मी तापलो होतो, आणि ते ऊन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचे क्रीडाशिक्षक माने सर ऑफिसात आले. हरण्याचं कारण प्राचार्यांना लेखी हवं होतं.

"साहेब, बचावफळीत जिद्द कमी पडली, एवढं एक वाक्य टाका," माने सर म्हणाले. "मागची ती दोन पोरं पुढच्या वर्षी काढून टाकू. विषय संपला."

संघातून काढलं की खेळाडूंच्या कोट्यातली वसतिगृहाची खोली जाते. खोली गेली की खेड्यातून आलेलं पोरगं कॉलेजातूनही जातं. हे माने सरांना माहीत आहे. मलाही आहे. मी रजिस्टर पुढं ओढलं, पेन उघडलं, आणि हात थांबला. कारण हे वाक्य मी आधी लिहिलेलं आहे. इंग्रजीत, देखण्या अक्षरात, अल खर्जमध्ये.

रियाधच्या दक्षिणेला अल खर्ज. वाळवंटात हजारो गायी ठेवून दूध काढणारी एक कंपनी होती, आणि त्या गायींना, त्या दुधाला आणि कंपनीच्या साहेबांना थंड ठेवणारे आम्ही, एसी सेक्शनचे लोक. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी बी.कॉम. होऊन तिथं हेल्पर म्हणून गेलो होतो. माझ्या घराण्यात माझ्या आधी कुणी पदवीधर झालं नव्हतं. वडील बाजार समितीत हमाल होते. माझ्या पदवीच्या कागदाला त्यांनी हात धुऊन हात लावला होता. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मी अल खर्जला नेला, आणि तिथं मला जे पहिलं काम मिळालं ते शिडी धरण्याचं.

शिडीवर असायचे हसनभाई. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, दाभोळजवळच्या गावातले, होडीवर वाढलेले. वय चाळिशीच्या आत-बाहेर, उंची दाराच्या चौकटीएवढी. आखातात त्यांची वीस वर्षं गेली होती. भर दुपारी छपरावर कसं चालायचं ते त्यांनी मला शिकवलं. पत्रा कुठं पाय सोसतो, कुठं नाही. ओला टॉवेल डोक्यावर नाही, मानेवर ठेवायचा. हातातला पाना उन्हात ठेवला तर परत उचलता येत नाही, म्हणून तो सावलीत, आपल्याच सावलीत ठेवायचा.

"बीकॉम," ते म्हणायचे, कारण कॅम्पात माझं नाव तेच पडलं होतं, "तुझ्या पुस्तकात हे होतं काय रे?"

"नव्हतं, हसनभाई."

"मग पैलं पान आज वाच."

सहा महिने मी शिडी धरली. मग एकदा तक्रारीच्या चिठ्ठीवर निकम साहेबांनी माझं अक्षर पाहिलं. निकम साहेब आमच्या सेक्शनचे इंजिनिअर, साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "हे कुणी लिहिलं? असं अक्षर असलेला माणूस शिडी का धरतोय?" दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसात, टेबलामागं, एसीत. माझं अक्षर ही शाळेतल्या गुरुजींची देणगी. ते पाटीवर रेघा मारून द्यायचे आणि अक्षर रेघेखाली गेलं तर बोटांवर मारायचे. त्या छड्यांबद्दलही मी जन्मभर कृतज्ञ राहिलो. कृतज्ञ राहणं मला फार चांगलं जमतं. ह्या लेखात मला जर कुणाचा राग करायचा असेल तर तो माझ्या ह्या गुणाचा.

अल खर्जचा हिवाळा मात्र सुंदर होता, आणि हे कबूल करतानाही मला बरं वाटत नाही. नोव्हेंबर लागला की एसी बंद व्हायचे. कॅम्पच्या पत्र्याच्या खोल्यांच्या खिडक्या उघडल्या जायच्या. पहाटे वाळूवर दव पडायचं आणि पायाखाली ती वाळू बिस्किटासारखी मोडायची. आमचं सेक्शन जवळजवळ रिकामं असायचं. रंग दे, फिल्टर झाड, दुपारी चहा पी. आणि दर शुक्रवारी, दुपार उतरली की, फुटबॉल. पाच-सहा कॅम्पांची लीग होती. नोव्हेंबरला सुरू व्हायची, एप्रिलमध्ये संपायची. मैदान म्हणजे दाबलेली वाळू. मुदत संपलेल्या दूध पावडरीनं आम्ही रेषा आखायचो. सामना संपेपर्यंत त्या रेषांवर मुंग्यांची दुसरी रेघ लागलेली असायची.

आमचा संघ मेंटेनन्स कॅम्पचा. पुढचे खेळाडू स्टोअरचे, ऑफिसचे, चपळ, पोरगेले. मागची फळी एसी सेक्शनची, कारण कंप्रेसर उचलणारी माणसं अंगानं दांडगी. मधोमध हसनभाई आणि डावीकडं खेडचा विलास घाग. निकम साहेब संघाचे मॅनेजर. मी राखीव खेळाडू, आणि निकालांची वही माझ्याकडं.

हसनभाईंसारखा उंच चेंडू ओळखणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. समोरच्यानं लांब पास मारला की बाकीचे चेंडूकडं बघायचे. हसनभाई आधी कडेच्या झेंड्याकडं बघायचे.

"वर काय बघतोस," ते विलासला ओरडायचे. "वारा बघ. चेंडू वाऱ्याचा हाय, त्याचा नाय."

"भाई, तुम्ही वारा बघा, मी माणूस बघतो."

"माणूस पळून जातो कुठं? इकामा कंपनीकडं हाय त्याचा."

इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना, तो कंपनी स्वतःकडंच ठेवायची. आणि मग शांतपणे दोन पावलं मागं सरकून ते चेंडू कपाळावर घ्यायचे, जणू कुणी वरच्या मजल्यावरून किल्ली टाकली आणि त्यांनी झेलली. जानेवारीपर्यंत आमच्यावर क्वचितच गोल व्हायचा. निकम साहेब खूश होऊन कडेनं टाळ्या वाजवायचे आणि मला म्हणायचे, "ही आपली कोकणची तटबंदी." ती तटबंदी वर्षातल्या कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या हातानं ढासळते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मार्चच्या मध्यावर पहिलं धुळीचं वादळ यायचं. आभाळ चहाच्या रंगाचं व्हायचं, दात करकरायचे, आणि वादळ गेलं की ऊन वेगळं असायचं. जणू कुणी मधला पडदा काढून घेतला. मग आमच्या सेक्शनचा मोसम. कॅम्पातला, गोठ्यांतला, डेअरीतला, साहेबांच्या बंगल्यांवरचा एकूण एक एसी उतरवा, धुवा, गॅस भरा, चढवा. खराब कंप्रेसर शिडीवरून खांद्यावर उतरवायचा आणि नवा तसाच वर न्यायचा. उजव्या हातानं शिडी धरायची म्हणून ओझं कायम डाव्या खांद्यावर. छतातल्या युनिटाखाली डोकं मागं टाकून तासन्‌तास कॉइल धुवायची. संध्याकाळी ही माणसं जेवायला बसली की ताटाकडं वाकता यायचं, पण हाक मारली तर मान वर करून बघता यायचं नाही. अख्खं अंग वळवून बघायची.

दुसऱ्या वर्षी मी वही उघडली आणि बसल्या जागी गार झालो. मी कॉमर्सचा माणूस, तक्ते करायची सवय. कुठला गोल कसा झाला ते मी प्रत्येक सामन्यानंतर लिहून ठेवायचो. मार्चनंतरचे जवळजवळ सगळे गोल उंच पासवर, आणि त्यातले बहुतेक आमच्या डाव्या बाजूनं. जमिनीवरून येणारा चेंडू हसनभाई आणि विलास एप्रिलमध्येही अडवायचे. वरून येणारा सुटायचा. ज्याचा डावा खांदा उचलत नाही आणि मान मागं जात नाही, तो माणूस उडी कशाच्या जोरावर मारणार? दम तोच, जिद्द तीच. फक्त मान नव्हती.

हे कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? शुक्रवारच्या ड्युटीच्या यादीतून त्या दोघांची नावं काढली असती. ती यादी कुणी करायचं? मी.

आमच्या लोकांची म्हणून एक खास रीत सांगतो. सेक्शनमध्ये वीस-बावीस माणसं होती, वेगवेगळ्या मुलखांतली. सुट्टीच्या दिवशीचं, म्हणजे शुक्रवार सकाळचं जड काम कुणाला द्यायचं हा प्रश्न दर आठवड्याला यायचा. दुसऱ्या कुणाचं नाव घातलं की तो माणूस टेबलापाशी येऊन उभा राहायचा. "लास्ट फ्रायडे भी मैं था, भाई. फिर से क्यों?" त्याला उत्तर द्यावं लागायचं. हसनभाईंचं नाव घातलं की कुणी यायचं नाही. पहिल्यांदा मी निकम साहेबांना विचारलं होतं, "सर, सामना आहे दुपारी. ह्या दोघांना सोडू का?"

"अरे, आपल्या माणसाला हक्कानं सांगता येतं," निकम साहेब म्हणाले. "बाहेरच्याला सांगायचं तर कारण द्यावं लागतं. हसन समजून घेईल."

हे वाक्य मी तेव्हा मोठ्या आपुलकीचं समजलो. माझ्या गावातही असंच होतं. लग्नात वाढायला आपली पोरं, उष्टी काढायला आपली पोरं, आणि जेवायच्या शेवटच्या पंगतीला, भात संपल्यावर, तीही आपलीच. आपलेपणा म्हणजे ज्याला विचारायची गरज नाही असा माणूस. मी यादी करत राहिलो. नंतर तर विचारायचंही सोडलं. शुक्रवार आला की हात आपोआप ती दोन नावं लिहायचा. साहेब न वाचता सही करायचे.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे ज्या मोसमाबद्दल मी खरं तर बोलतोय त्या मोसमात, हसनभाईंच्या थोरल्या मुलीचा, नाझनीनचा निकाह ठरला. मे महिन्यात. त्यांनी रजेचा अर्ज मार्चमध्येच दिला. अर्ज मीच लिहून दिला होता. मुलीच्या जन्मालाही ते घरी नव्हते, पहिल्यांदा तिला पाहिली ती चालताना, हे त्यांनी मला अर्ज लिहिताना सांगितलं. शिफारस निकम साहेबांची लागायची.

"लीग संपू दे हसन," साहेब म्हणाले. "ट्रॉफी आण आणि सही ने."

ते हसत म्हणाले. हसनभाईही हसले. ट्रॉफी ठेवली होती कॅम्पच्या वेल्फेअर मॅनेजरनं, आणि साहेबांना त्याच्या नजरेत राहायचं होतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

उपांत्य सामना एप्रिलमध्ये आला, ट्रान्सपोर्ट कॅम्पशी. आदल्या दिवशी एका बंगल्याच्या छपरावरचा मोठा एसी बंद पडला. गुरुवारी दुपारी मी यादी लिहायला घेतली. मला ते नीट आठवतं. निळं बॉलपेन, बाजूला चहा, आणि मी लिहितोय: हसन, विलास, सकाळी पाच. मनात एवढंच आलं की नमाजच्या आत काम उरकेल, मग दोन तास आराम मिळेल. म्हणजे विचार माझ्या मनात आला होता. येऊन गेला.

सकाळी पाच ते साडेअकरा ते दोघे त्या छपरावर होते. चारला सामना सुरू झाला. सूर्य समोर, हवेत बारीक धूळ, आकाश पांढरं. पहिलं सत्र बरोबरीत. दुसऱ्या सत्रात ट्रान्सपोर्टनं ओळखलं. ओळखायला अवघड नव्हतं. त्यांनी खालून खेळणं सोडलं आणि प्रत्येक चेंडू उचलून आमच्या डाव्या बाजूला टाकायला सुरुवात केली.

"विलास, मागं, मागं," हसनभाई ओरडले. ते झेंड्याकडं बघत होते, वारा त्यांना बरोबर कळला होता, ते बरोबर जागी उभे होते. चेंडू आला. त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला आणि मान अर्ध्यावर अडकली. चेंडू त्यांच्या केसांना लागून गेला असेल. गोल. दहा मिनिटांनी पुन्हा तसाच चेंडू, पुन्हा गोल.

"हसनभाई, गेंद है, जहाज़ नहीं," ट्रान्सपोर्टच्या बाजूनं कुणी तरी म्हणालं आणि मोठा हशा झाला.

निकम साहेब कडेला येरझाऱ्या घालत होते. "अरे उडी मारा की. मेलात काय? उभं राहायला आणलंय तुम्हाला?"

आणि आमच्याच बाकावरून, स्टोअरचा एक जण, दबक्या आवाजात: "ट्रान्सपोर्टचा तो गोल मारणारा हसनभाईच्या शेजारच्या गावचा आहे. मागच्या महिन्यात त्याच्याकडून सुकं बोंबील आलं होतं त्यांना."

बस. एवढं पुरे झालं. सामना संपायच्या आत संघ म्हणून आम्ही ठरवून टाकलं होतं की हे दोघे मुद्दाम उभे राहिले. ज्याच्या खांद्यावर कंप्रेसरच्या कडेचा निळा वळ सदऱ्यातून दिसत होता, त्याला सुक्या बोंबलाच्या पिशवीवर विकलं आम्ही. मी त्या बाकावर होतो. मी 'नाही' म्हणालो नाही.

शनिवारी साहेबांनी मला बोलावलं. "वेल्फेअर मॅनेजरला रिपोर्ट द्यायचाय, का हरलो त्याचा. तू लिही. तुझं इंग्रजी सरळ असतं."

"सर, शुक्रवारी सकाळी ते दोघं..."

"ते दोघं काय?"

त्यांनी आवाज चढवला नाही. शिडीवरून तुला कुणी उतरवलं, असंही ते म्हणाले नाहीत. ते मलाच आठवलं. मला ताप आला होता तेव्हा साहेब स्वतः डब्यात पेज घेऊन आले होते, तेही आठवलं. वडिलांनी गावात सगळ्यांना सांगितलेलं आठवलं, की पोरगा तिथं ऑफिसात बसतो. कृतज्ञ माणसाला धमकी द्यावी लागत नाही, तो स्वतःच स्वतःला देतो.

"काही नाही सर," मी म्हणालो.

आणि लिहिलं. बचावफळीत जिद्द कमी पडली. निष्काळजीपणाही लिहिला, कारण साहेब म्हणाले एक शब्द अजून टाक. अक्षर एकदाही रेघेखाली गेलं नाही. साहेबांना ते इतकं आवडलं की त्याची एक प्रत त्यांनी जेवणघराच्या बोर्डावर लावली, ड्युटीच्या यादीच्या शेजारी.

त्या आठवड्यात बदल्यांचा कागद आला. हफ्र अल बातिनला, पार उत्तरेकडं, कंपनीचं नवं काम निघालं होतं. एसी सेक्शनमधून दोघे पाठवायचे होते. हसनभाई आणि विलास. नव्या साइटवर पहिले सहा महिने रजा नाही, हा नियम. मे महिना त्या सहा महिन्यांच्या अगदी पोटात होता. रजेचा अर्ज साहेबांनी मला फाइल करायला दिला, शिफारशीची जागा कोरी, सहीविना. मी तो नीट भोक पाडून फाइलला लावला.

गाडी आली ती सकाळी नाश्त्याच्या वेळेला. विलास माझ्याशी बोलला नाही, सरळ जाऊन बसला. हसनभाई बॅग खाली ठेवून माझ्यासमोर उभे राहिले. मान अजून वळत नव्हती, म्हणून अख्खे वळले.

"बीकॉम, बोर्डावर लावलाय तो कागद तू लिवलास ना?"

"साहेबांनी सांगितलं, हसनभाई."

"साहेबानं सांगितलं ते मला म्हाईत हाय. शुक्रवारची यादी पण साहेबानंच सांगितली?"

मी त्यांच्या बॅगेकडं बघू लागलो.

"मला इंग्रजी वाचता येत नाय. पण दोन वर्सं माझं नाव तुझ्या अक्षरात बघतोय मी. पाच वाजता जा, सहा वाजता जा. तेवढं वळखतो. मी म्हणायचो, आपला पोरगा हाय, नाव घालतो, असेल काय तरी अडचण त्याची. म्हणून कधी विचारलं नाय. विचारायला पायजे होतं. तो जो रोज येऊन 'क्यों' विचारायचा ना, तो शाणा."

"हसनभाई, मी साहेबांशी बोलतो."

"नको. छान अक्षर हाय तुझं. जप."

"यल्ला, चलो," ड्रायव्हर म्हणाला. दार लागलं. मी हात वर केला, पण गाडीच्या मागच्या काचेतून मान वळवून बघता येईल असं त्या गाडीत कुणी नव्हतं.

निकाहाच्या दिवसाची हकीकत विलासनं नंतर फोनवर सांगितली. माझ्यावरचा राग गेला म्हणून नव्हे, मला कळावं म्हणून. हफ्रच्या त्या साइटवर खाली मोबाइलला रेंज नव्हती, छपरावर होती. फोरमन भला माणूस, म्हणाला आज खाली बस, सुट्टी घे. हसनभाई म्हणाले, "वर आवाज बरा येतो." त्यांनी फोन चालू करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तिकडं दाभोळजवळ मुलीनं तीन वेळा कबूल म्हटलं तेव्हा ते एका हातानं कॉइल धूत होते.

"रडले?" मी विचारलं.

"तुला कशाला सांगू," विलास म्हणाला आणि फोन ठेवला.

इथं मी सुधारलो असं लिहिता आलं असतं तर लेखाला बरं झालं असतं. मी सुधारलो नाही. पुढच्या हिवाळ्यात साहेबांनी मागच्या फळीला नवी माणसं घेतली, पुन्हा एसी सेक्शनचीच. एकजण गुहागरचा, एकजण माणगावचा. जानेवारीपर्यंत त्यांच्यावरून चेंडू गेला नाही. एप्रिलमध्ये गेला. निकम साहेब म्हणाले, "काय कळत नाही बुवा, शेवटाला आले की ढेपाळतात." मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. फक्त नावं बदलली. दोन वर्षांनी परत आलो ते साहेबांच्याच शिफारसपत्रावर, आणि त्याच पत्रावर ह्या कॉलेजात चिकटलो. निकम साहेब आता साताऱ्याला असतात. दिवाळीला मी त्यांना शुभेच्छा पाठवतो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते त्यांना माहीत नाही, कारण माझ्या शुभेच्छांचं अक्षरही सुंदर असतं.

हसनभाईंना मी फोन केला नाही. नंबर आहे.

आणि इकडं माने सर टेबलासमोर बसून वाट बघत होते. वर तिसऱ्या मजल्यावर बाक आपटत होते. धाड, धाड, मग जिन्याच्या वळणावर थोडी शांतता, मग पुन्हा धाड. मी टेबलाचा खण उघडला. बाक वाहायची यादी त्यात होती. वसतिगृहातली कमवा-शिका योजनेची पोरं हे काम करतात. पोरं पुष्कळ आहेत. काही पोरं येऊन विचारतात, "सर, कालपण आम्हीच होतो." म्हणून त्यांची नावं मी सहसा घालत नाही. जी विचारत नाहीत त्यांची घालतो. आमच्या भागातली, आजऱ्याकडच्या वाटेवरच्या वाड्यांतली, ज्यांचे वडील मला बाजारात रामराम करतात.

सामन्याच्या दिवसाची यादी. सकाळी सात ते बारा, गोदाम ते तिसरा मजला. पहिली दोन नावं मागच्या फळीची.

हसनभाईंच्या डाव्या खांद्यावरचा तो वळ मला ह्या पोरांच्या खांद्यावर शोधायची गरज नव्हती. बाकाची कड कुठं बसते ते मला माहीत आहे.

"लिहिताय ना साहेब?" माने सर म्हणाले. "प्राचार्य विचारतायत."

मी लिहिलं. मराठीत लिहिलं, म्हणजे त्या पोरांनाही वाचता येईल आणि मैदानाच्या कडेला रस पिणाऱ्यांनाही. सामन्याच्या दिवशी सकाळी पाच तास बचावफळीतले दोन्ही खेळाडू परीक्षेचे बाक तिसऱ्या मजल्यावर वाहत होते. त्यांना हे काम देणारी यादी माझी आहे. गेल्या वर्षीचीही माझीच होती.

माने सरांनी टेबलापलीकडूनच उलटं वाचलं आणि खुर्ची पुढं ओढली. "हे कशाला साहेब? उगाच तुमच्या अंगावर येईल. पोरांनी काही तक्रार केलीय का?"

"नाही. तीच तर गंमत आहे. त्यांनी विचारलंच नाही."

"मग?"

"मग काही नाही. पोरांची नावं संघात ठेवा. आणि उद्यापासून बाकांच्या यादीत त्यांची घालणार नाही. कुणी विचारायला आला तर त्याला मी उत्तर देईन."

ते उठून गेले, मला काही तरी झालंय अशा नजरेनं बघत. ह्यातून मी मोकळा झालो असं कुणी समजू नये. दोन पोरांची खोली कदाचित राहील. नाझनीनचा निकाह पुन्हा लागणार नाही. ज्या माणसाकडं मी हे वाक्य द्यायला हवं होतं त्याच्या हातात ते पडणार नाही, आणि पडलं तरी तो ते कशाला घेईल.

शाई वाळायला रजिस्टर लांब धरलं. अक्षर अजून तसंच आहे, एकही रेघेखाली गेलेलं नाही. हसनभाईंना ते दारातूनच ओळखू आलं असतं.